खमीर आणि दादाचे हात

आमच्या घराच्या मागच्या अंगाला, केळीच्या वाडीला लागून, दादाची भट्टी होती. ‘होती’ असेच म्हणावे लागते. कारण २०१९ साली दादा गेला आणि त्यानंतर ती नित्यनेमाने कधी पेटली नाही. वडिलांनी ती बांधली, दादाने चालवली आणि मी, धाकटा, शाळामास्तर होऊन तिच्या उबेला वह्या तपासत बसलो. वसईच्या थंडीत पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास त्या खोलीत एक गोडसर, आंबूस वास दाटलेला असे. तो वास हेच आमच्या घराचे घड्याळ होते. तो आला की आई उठे, चुलीवर पाणी ठेवी आणि थोड्या वेळाने मिस्साची पहिली घंटा होई.

वडिलांच्या काळी खमीर म्हणजे ताडी. झाडावरून उतरवलेली ताजी ताडी मैद्यात मिसळायची, ओले फडके झाकायचे आणि रात्रभर वाट पाहायची. लग्नघरी फुग्यांचे पीठही आई असेच भिजवी. दादाच्या काळात यीस्टच्या वड्या आल्या, पुढे दाणेदार यीस्टची पाकिटे आली. साधन बदलले, पण ताडीत असो, वडीत असो की पाकिटात असो, पीठ फुगवणारा जीव तोच राहिला. खमिराचा दृष्टान्त आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. तरीही खमीर म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला साठी जवळ येईपर्यंत पडला नव्हता. तो पडला दादाच्या आजारपणात, आणि त्याचे उत्तर अशा वाटेने आले की ते अजूनही पुरते माझ्या पचनी पडलेले नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात दादाच्या उजव्या हाताने प्रथम दगा दिला. मळलेल्या पिठातून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीने गोळा तोडण्याची त्याची एक लकब होती. तराजूत टाकले तर दोन गोळ्यांत क्वचितच फरक निघे. एके पहाटे गोळा तुटेना. “हात झोपलाय,” तो म्हणाला आणि डाव्या हाताने काम उरकले. महिन्याभरात अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसला, तिथे खळगा दिसू लागला. दंडाच्या कातडीखाली सतत काहीतरी वळवळताना दिसे. मणक्याचे दुखणे समजून तेल झाले, शेक झाला. अखेरीस मुंबईच्या एका मेंदुविकारतज्ज्ञांनी सगळ्या तपासण्या करून आजाराचे नाव सांगितले: मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजेच एएलएस.

स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी या आजारात एकामागून एक मरत जातात. आधी हात किंवा पाय जातात, मग बोलणे, गिळणे, आणि शेवटी श्वास. बुद्धी बहुधा शाबूत राहते. डोळ्यांची हालचाल तर जवळजवळ अखेरपर्यंत टिकते. बहुतेक रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून दोन ते पाच वर्षे मिळतात. रिल्युझोल नावाची एक गोळी १९९५ पासून दिली जाते. ती आयुष्य काही महिन्यांनी लांबवते. डॉक्टरांनी हे सारे शांतपणे सांगितले. दादाने त्यांना एकच प्रश्न विचारला, “नाताळापर्यंत भट्टीवर उभं राहता येईल ना?”

दादाची मुलगी, माझी पुतणी, त्या वेळी परदेशातील एका विद्यापीठात संशोधन करीत होती. ती ‘यीस्टवर काहीतरी’ करते, एवढेच आम्हांला ठाऊक होते. दादा चेष्टेने म्हणे, “आमच्या घरात दोघं जण यीस्टवर पोट भरतात. मी ते पिठात घालतो, ती ते काचेवर मोजते.” त्या नाताळात ती घरी आली. वहिनी दादाला भरवीत होती. त्याच्या हाताने चमचा उचलत नव्हता. बोलण्यासारखे कोणापाशी काही उरले नव्हते. ती शांतता सहन न होऊन मी विचारले, “पोरी, तू करतेस तरी काय तिथे?”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काका, आपल्या चर्चच्या कचेरीतली बाप्तिस्म्याची नोंदवही आठवा. ती कपाटात असते. ती कोणी घरी नेत नाही. लग्न ठरलं की त्यातली एक नोंद उतरवून दाखला देतात, तो दाखला बाहेर जातो आणि काम होतं. प्रत्येक पेशीत असंच आहे. डीएनए म्हणजे नोंदवही. ती पेशीच्या केंद्रकात कुलूपबंद असते. आरएनए म्हणजे उतरवून घेतलेला दाखला. तो बाहेर जातो, आणि त्यावरून प्रथिनं तयार होतात.”

“आणि तू?”

“मी दाखला हाताळणाऱ्यांचा अभ्यास करते. दाखला उतरवल्यावर तो कोणीतरी नीट घडी घालतं, कोणीतरी बाहेर नेतं, कोणीतरी जपून ठेवतं, काम संपल्यावर कोणीतरी फाडूनही टाकतं. हे सगळे ‘कोणीतरी’ म्हणजे आरएनएला धरून राहणारी प्रथिनं.”

दादा ऐकत होता. त्याने मान हलवून पुढे सांगण्याची खूण केली. मला वाटते, कित्येक महिन्यांनी त्या घरात आजाराखेरीज दुसरा विषय निघाला होता. निदान आम्हांला तसे वाटले.

तिने सांगितलेले पुढे मी जमेल तितके वाचून काढले. मी विज्ञानाचा मास्तर नव्हे, मराठीचा. तेव्हा माझ्या शब्दांत मांडतो.

यीस्टची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. पण तिच्या अंतरंगाची मांडणी आपल्या पेशीसारखी आहे: केंद्रक आहे, नोंदवही आहे, दाखले आहेत, दाखले हाताळणारेही आहेत. तिची जनुके सोळा गुणसूत्रांवर मांडलेली असून त्यांची संख्या सहा हजारांच्या आसपास आहे. १९९६ साली ही अख्खी नोंदवही वाचून पूर्ण झाली. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान प्रथम खमिराला मिळाला. चांगले अन्न मिळाले की दीड तासात एका पेशीच्या दोन होतात. म्हणून जो प्रश्न माणसाला विचारता येत नाही, तो खमिराला विचारता येतो: तुझे हे एक जनुक काढून घेतले तर तुझे काय होईल? संशोधकांनी हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जनुकाबाबत विचारला. सुमारे एक हजार जनुके अशी निघाली की त्यांतले कोणतेही एक गेले तरी पेशी मरते. उरलेल्यांपैकी कोणतेही एक काढले तरी ती कशीबशी का होईना, जगते.

यीस्टमध्ये दोन जातींच्या पेशींचा संकर घडवता येतो. त्यापासून झालेल्या पेशीची उपासमार केली की ती एका इवल्या पिशवीत चार बीजाणू तयार करते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने ते चारही वेगळे करून वाढवले, तर आईबापांत वेगळ्या असलेल्या एखाद्या जनुकाचे एक रूप दोघांत आणि दुसरे दोघांत आढळते. ऑगस्टिनियन मठातील ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ साली ब्रनो येथे वाटाण्याच्या झाडांचा जो हिशेब वाचून दाखवला, त्याचे मूळ इथे चार दाण्यांत डोळ्यांसमोर येते. मेंडेल यांना त्यासाठी मठाच्या बागेत आठ वर्षे खपावे लागले होते.

आता त्या दाखला हाताळणाऱ्यांकडे येऊ. बहुतेक दाखल्यांच्या शेवटी एकाच अक्षराची लांबलचक शेपटी असते. यीस्टमध्ये साधारण सत्तर ते नव्वद वेळा तेच अक्षर गिरवलेले असते. ही शेपटी धरून बसणारे प्रथिन म्हणजे पॅब-१. त्याने धरले की दाखला सहसा अकाली फाटत नाही आणि नीट वाचला जातो. या प्रथिनाचे जनुक यीस्टमधून १९८६ साली वेगळे काढण्यात आले, आणि ते मरणजीवनाच्या त्या हजारांपैकी एक ठरले. ते काढले की पेशी मरते.

पुढे १९९८ साली, अमेरिकेतील वुस्टर या गावी अॅलन जेकबसन यांच्या प्रयोगशाळेत पॅब-१ला बिलगणारे आणखी एक प्रथिन सापडले. ‘पॅब-१ला धरणारे’ म्हणून त्याचे नाव पडले पीबीपी-१. ते एकटे काढून टाकले तर पेशीला विशेष काही होत नाही. पण नवल पुढेच आहे. पॅब-१ काढल्यामुळे जी पेशी मरायला हवी, तिच्यातून पीबीपी-१सुद्धा काढून टाकले, तर ती जगते.

पुतणीने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो, “हे कसले गणित? एक काढले तर मरते आणि दोन काढली तर जगते?”

दादा हसला. त्याची जीभ तेव्हा नुकतीच जड होऊ लागली होती. तो सावकाश म्हणाला, “मास्तर, मिठाविना पीठ मळलंय कधी? मीठ विसरलं की पीठ बेफाम फुगतं, मग बसतं, वाया जातं. मीठ नसलं तर खमीरही कमी घालावं. मग सावरतं.”

पुतणी वडिलांकडे पाहतच राहिली. “पप्पा, आमच्याकडे हे समजावून द्यायला एक आख्खं व्याख्यान लागतं,” ती म्हणाली. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तोवर मला एवढेच ठाऊक होते की मुलगी एका विषयाचा अभ्यास करते आणि बाप दुसऱ्याच संकटात सापडला आहे. या दोन गोष्टींचा संबंध तिने मला दुसऱ्या दिवशी, वाडीतून चालताना, एकट्याला सांगितला. दादासमोर तिला ते बोलायचे नव्हते.

तो संबंध असा. या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतूनच निघतो. १९७१ साली मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी स्वामी या सहकाऱ्यासह नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांचा चालताना तोल जाई, बोलणे अडखळे, पण डॉ. वाडियांच्या नजरेने टिपलेली खूण निराळीच होती. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहताना या रुग्णांचे डोळे अतिशय मंद सरकत. पुढे १९९६ साली अशा एका आजाराचे जनुक सापडले. त्यापासून होणाऱ्या प्रथिनाचे नाव अटॅक्सिन-२. मंद डोळ्यांच्या भारतीय घराण्यांत हेच जनुक बिघडलेले असल्याचे १९९८ मध्ये डॉ. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. या प्रथिनात ग्लुटामिन हा एकच घटक ओळीने बहुधा बावीस-तेवीस वेळा येतो. नक्कल करणाऱ्याचा हात घसरून तीच अक्षरे पुनःपुन्हा गिरवली गेली आणि आकडा चौतिसाच्या पुढे गेला, तर तो आजार होतो. आणि माणसाच्या या अटॅक्सिन-२चा खमिरातला भाऊबंद कोण? तोच पीबीपी-१.

दुसरा धागा दादाच्या आजाराचा. २००६ साली असे आढळले की एएलएसने गेलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या चेतापेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या असतात. त्याचे नाव टीडीपी-४३. हेही आरएनएला धरणारे प्रथिन. त्याची जागा केंद्रकात, नोंदवहीच्या खोलीत. आजारात ते आपली खोली सोडून बाहेर येते आणि पेशीद्रवात गोळा होऊन बसते. २००८ साली अमेरिकेतील सूझन लिंडक्विस्ट, आरन गिटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचे हे जनुक यीस्टमध्ये घातले. खमिरात असे प्रथिन मुळात नसते. त्यांनी किल्ली अशी ठेवली की पेशीला एक प्रकारची साखर दिली तर ते जनुक गप्प राहावे आणि दुसऱ्या प्रकारची दिली तर चालू व्हावे. चालू झाले की यीस्टमध्येही प्रथिन केंद्रकाबाहेर साचे आणि पेशी मरत. आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली: या प्रथिनाची आरएनएला धरण्याची शक्ती काढून घेतली, तर त्याचे विष उतरते.

मग विचारण्यासारखा प्रश्न एकच उरला: या मरणाऱ्या खमिराला कोण वाचवू शकेल आणि कोण अधिक लवकर मारील? सुमारे साडेपाच हजार यीस्ट-जनुके एकेक करून या पेशींत जादा घालून पाहिली गेली. थाळीवर थेंबांच्या रांगा. कुठे वाढ दाट, कुठे विरळ, कुठे नुसती मोकळी जागा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात मारणाऱ्यांच्या यादीतले एक नाव ओळखीचे निघाले: पीबीपी-१. ते जादा घातले की विष वाढे. ते काढून टाकले की विष उतरे. माशीत अटॅक्सिन-२ कमी केले, तेव्हाही तसेच घडले. मग त्या संशोधकांनी माणसांकडे वळून एएलएसचे ९१५ रुग्ण आणि ९८० इतर व्यक्ती तपासल्या. अटॅक्सिन-२मधील पुनरुक्ती नेहमीपेक्षा थोडी लांब, म्हणजे सत्तावीस ते तेहेतीस, असणाऱ्यांचे प्रमाण रुग्णांत ४.७ टक्के होते आणि इतरांत १.४ टक्के. तोल घालवणाऱ्या आजारासाठी हा आकडा पुरेसा नव्हता. पण एएलएसचा धोका वाढवण्यास पुरेसा होता.

वाडीच्या बांधावर उभ्या उभ्या मी हे ऐकले. मंद डोळ्यांकडे लक्षपूर्वक पाहणारे मुंबईचे एक डॉक्टर. दाखल्याच्या शेपटीला कोण धरते याचा शोध घेणारे वुस्टरचे काही लोक. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात माझा भाऊ नव्हता. त्याच्या आजाराचाही विचार नव्हता. तरी वाट तिथवर आली होती. “मग पुढे?” मी विचारले. “पुढे उंदीर,” ती म्हणाली. “आणि उंदरांनंतर, झालंच तर, माणसं. पण काका, पप्पांना यातलं काही सांगू नका.”

मी सांगितले. इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे.

२०१७ च्या एप्रिलमध्ये उंदरांवरील प्रयोगाची बातमी आली. टीडीपी-४३ने आजारी पाडलेल्या उंदरांत अटॅक्सिन-२ कमी केले, तर त्यांचे आयुष्य लक्षणीय वाढत होते. जनुकात हात न घालता, त्याचा दाखला तेवढा अडवणारे इंजेक्शन देऊनही लाभ दिसत होता. मी ती बातमी दोनदा वाचली आणि तडक दादाच्या खाटेपाशी गेलो. त्याच सुमारास डॉक्टरांनी पोटातून अन्ननळी घालण्याचा विषय काढला होता आणि दादाने नकार दिला होता. वहिनी रडून थकली होती. मी म्हणालो, “दादा, औषध येतंय. तुझ्याच यीस्टमधून निघालंय. फक्त दोन वर्षं काढ.”

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. शब्द सुटे सुटे येत होते. वहिनीने ओठांशी कान नेऊन ते मला सांगितले. “पीठ फुगलं म्हणजे पाव झाला नाही, मास्तर.”

तो शहाणा होता. मी नव्हतो. पण शहाण्या माणसालाही आशा सोडत नाही. चार दिवसांनी त्याने नळीला होकार दिला. त्यानंतर दर रविवारी मी मिस्साहून परतलो की तो डोळ्यांनी विचारी. पुढे अक्षरांचा तक्ता आला. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचे, हवे ते आले की त्याने पापणी मिटायची. त्या तक्त्यावर तो पुनःपुन्हा एकच शब्द जुळवी: उं-दी-र. कधी चेष्टेने, कधी नाही. आणि मी दर रविवारी काहीतरी सांगे.

२०१९ च्या फेब्रुवारीत, उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी, तो गेला. नळीमुळे त्याला अधिक महिने मिळाले, असे डॉक्टर म्हणाले. ते महिने चांगले की वाईट हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मुलीच्या प्रबंधाची छापील प्रत त्या महिन्यांत त्याच्या छातीवर ठेवली गेली, हे मी पाहिले. श्वास घेताना त्याला किती कष्ट पडत, हेही मी पाहिले. शवपेटीत त्याच्या बोटांत रोजरी गुंफायला तिघांना बराच वेळ लागला. पिठाला गोळ्यांचा आकार देणारी ती बोटे आता कोणत्याही आकारात राहत नव्हती.

पुढची हकीकत थोडकी आहे. दादा गेल्यानंतर अटॅक्सिन-२चा दाखला अडवणारे औषध माणसांवरील चाचणीपर्यंत पोचले. ते मणक्यातील द्रवात टोचले जाई. २०२४ च्या मे महिन्यात ती चाचणी थांबवल्याचे जाहीर झाले. औषधाने प्रथिन कमी केले होते. पण चेतापेशींची हानी थांबल्याची खूण मिळाली नाही आणि रुग्णांच्या प्रकृतीत फरक पडला नाही.

पुतणीने फोनवर हे सांगितले तेव्हा माझ्या मनात प्रथम काय आले, ते लिहायला लाज वाटते. मला हायसे वाटले. दादा आणखी पाच वर्षे जगला असता तरी हे औषध त्याच्या कामी आले नसते. म्हणजे केवळ वेळ चुकली म्हणून तो मेला नाही. दुसऱ्याच क्षणी आठवले की त्या चाचणीत कित्येक घरांतले दादा असतील, आणि त्यांच्याही उशाशी कोणीतरी मास्तर बसला असेल.

“मग यीस्ट खोटं बोललं म्हणायचं?” मी विचारले.

“नाही, काका,” ती म्हणाली. “यीस्ट खोटं बोलत नाही. आम्ही त्याला विचारलं, पीबीपी-१ काढलं तर तुझ्यातलं विष उतरेल का? ते म्हणालं, उतरेल. ते आजही तेच सांगतं. पण साठ वर्षांच्या माणसाची चेतापेशी, जिच्यातला बिघाड लक्षण दिसण्याआधीच सुरू झालेला असतो, तिच्याविषयी आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्याला ते ठाऊक असण्याचं कारणही नाही.” थोडे थांबून तिने पुढे सांगितले की याच पद्धतीचे, दाखला अडवणारे दुसरे एक औषध, टोफर्सेन, २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले आहे. ते एएलएसच्या फक्त त्या थोड्या रुग्णांसाठी आहे, ज्यांच्यात एसओडी-१ हे जनुक बिघडलेले असते. शंभरांत सुमारे दोन.

शंभरांत दोन! एके काळी हा आकडा ऐकून मी निराश झालो असतो, किंवा धावत जाऊन कोणाला तरी वचन देऊन बसलो असतो. आता मी त्या दोघांच्या घरांचा विचार करतो. आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचाही.

दादाच्या त्या वाक्याचा मी अनेकदा विचार केला आहे. पीठ फुगणे ही खोटी गोष्ट नव्हे. फुगल्यावाचून पाव होतच नाही. पण फुगल्यानंतरही घडवणे असते, दुसऱ्यांदा वाट पाहणे असते, भट्टीची आच असते, आणि त्यांतल्या कोणत्याही पायरीवर घाण बिघडू शकते. दादाच्या उभ्या आयुष्यात कित्येक घाण्या बिघडल्या. त्याने कधी खमिराला दोष दिला नाही आणि गिऱ्हाईकाला कधी कच्चा पावही दिला नाही. मी मात्र माझ्या भावाला कच्चा पाव दिला. मायेपोटी दिला, हे खरे. त्याने तो गोड मानून घेतला, हेही खरे. म्हणून तो कच्चा नव्हता असे होत नाही.

गेल्या नाताळात पुतणी महिनाभर घरी होती. एके संध्याकाळी तिने भट्टीतली कोळिष्टके काढली, लाकडे रचली आणि मैदा भिजवला. पहाटे मला जाग आली ती त्या जुन्या वासाने. जाऊन पाहिले तर ती बाकावर बसून गोळे तोडीत होती, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीने. तराजू बाजूलाच होता. ती प्रत्येक गोळा तोलून पाहत होती. “पप्पांसारखं जमत नाही,” ती म्हणाली. मी विचारले, “तिकडे गेल्यावर आता कशावर काम?” “तेच. पीबीपी-१,” ती म्हणाली. “ते काढलं की विष उतरतं, हे कळलंय. ते नेमकं का उतरतं, याचा उलगडा अजून माझ्यासमोर पुरता झालेला नाही.”

पहिली घाण एका बाजूने थोडी करपली. आम्ही तो पाव चहात बुडवून खाल्ला. वहिनीने एक पाव फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला, शेजारच्या आळीतल्या एका घरासाठी. त्या घरच्या बाप्याचा उजवा हात गेल्या पावसापासून उचलत नाही. तो मला बोलावतो आहे. पुतणीचे काम काय, हे त्याला विचारायचे आहे. मी जाणार आहे, आणि या वेळी जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणार आहे.